गडग्यापलीकडचं माहेर

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर माझा आवाज ज्यांनी ऐकला नाही असे लोक थोडे. चेहरा कुणी ओळखत नाही, पण बाजारात भेंडीचा भाव विचारला की भाजीवाली मान वर करून बघते. "तुम्ही त्या गाड्या सांगणाऱ्या ना?" मीच ती. चिपळूण, लांजा, देवरूख, पोफळी; कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्दच झाली, हे सगळं मी काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर सांगते. दिवसभर दुनियेला गावाला लावते आणि संध्याकाळी स्वतः रिक्षा करून घरी येते. लांब अशी मी कधी गेलेच नाही. लग्न होऊनसुद्धा नाही.

कारण माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये फक्त एक गडगा आहे. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कंबरभर उंचीची भिंत. अलीकडे बाबांचं घर, पलीकडे आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची सख्खी थोरली बहीण. ती लग्न होऊन गडग्यापलीकडे गेली, तिच्या आतेभावाच्या घरी. मग मीही गडग्यापलीकडे गेले, तिच्या मुलाच्या घरी, म्हणजे माझ्या आतेभावाच्या. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही आमच्याकडची रीत. माझ्यासाठी दुसरं स्थळ कुणी बघितलंच नाही आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातून निघालेली वरात घरातच शिरली असं दिसू नये म्हणून तिला देवळाचा वळसा घालून आणली होती, एवढं आठवतं.

फायदे होते, नाही कसे? सासूला 'आत्या' म्हणायचं आणि अरेतुरे करायचं सुख किती जणींना मिळतं? पण तोटा पहिल्याच वर्षी कळला. कशावरून तरी तिचं-माझं वाजलं. मी तणतणत पिशवी भरली आणि गडग्याच्या फटीतून माहेरी आले, तर पडवीत बाबांशेजारी आत्या आधीच येऊन बसलेली, माझी गाऱ्हाणी सांगत. तिचंही माहेर तेच ना! तीही रुसून माहेरीच आली होती. बाबांनी दोघींना चहा पाजला आणि दोघींना एकाच वाटेने परत पाठवलं. तेव्हा मी हसले होते. पुढे या गोष्टीचं हसू येईनासं झालं.

मुलगा झाला तेव्हा त्याचं डोकं मोठं आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या घराण्याची डोकी मोठीच. लग्नात नवऱ्याला तयार फेटा बसेना म्हणून ऐन वेळी दुसरा आणावा लागला होता. "आजोबावर गेलाय," म्हणून सगळे मोकळे झाले. तो उशिरा बसला, उशिरा चालला. चालला तोही असा, की अंगणात दिसेल त्या दगडाला अडखळायचा आणि दगड नसेल तिथेही अडखळायचा. शाळेत बाई म्हणाल्या, अक्षर सरळ येत नाही. मग एक दिवस जेवताना त्याचा हात ताटातच ताठ झाला, डोळे वर गेले. तिथून झटके सुरू झाले आणि दवाखानेही.

गावातले, शहरातले, कोल्हापूरचे, सगळे डॉक्टर करून झाले. प्रत्येक ठिकाणी आत्या बरोबर असायची. प्रत्येक डॉक्टर कधीतरी विचारायचा, "नात्यात लग्न झालंय का तुमचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत आत्या ठासून सांगायची, "नाय. अजिबात नाय." पहिल्या खेपेला रिक्षात मी तिला विचारलं, "आत्या, खोटं कशाला सांगायचं?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्येंना काय करायचंय गो? औशद द्या म्हनावं." मला वाटलं, म्हातारपणाचा हेका. झटक्यांच्या गोळ्या मिळत गेल्या, त्याने थोडं बरं वाटत गेलं आणि मीही तो विषय ताणला नाही.

एकदा झटका थांबेचना. त्या वेळी मुंबई गाठली. रत्नागिरीतल्या स्कॅनमध्ये काहीतरी वेगळंच दिसत होतं आणि इथल्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, की हे आमच्या आवाक्यातलं नाही. आत्याला तेव्हा ताप होता, ती आली नाही. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो. आतेभाऊ." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

लघवी तपासली, रक्त तपासलं. आजाराचं नाव एवढं लांब, की मी ते लांबच्या गाडीचे थांबे पाठ करावेत तसं तोडून तोडून पाठ केलं. एल-टू, हायड्रॉक्सी, ग्लुटॅरिक, अ‍ॅसिड्युरिया. बाईंनी समजावलं ते असं. आपल्या सगळ्यांच्याच अंगात एक आम्ल कचऱ्यासारखं तयार होतं आणि अंगच ते साफ करतं. या मुलांच्यात साफ करणारं जे असतं, ते जन्मापासून बिघडलेलं. बिघाड आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही आले तरच हा आजार होतो. मग ते आम्ल मेंदूत साचत राहतं, चाल बिघडते, बोलणं बिघडतं, झटके येतात. "आणि या मुलांच्या मेंदूत गाठी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो," त्या म्हणाल्या, "म्हणून आयुष्यभर स्कॅन करत राहावं लागतं."

माझ्या मुलाच्या डोक्यात ती गाठ आलेलीच होती. कपाळाच्या आत, उजव्या बाजूला, सुपारीएवढी.

ऑपरेशन झालं. बरीचशी गाठ निघाली, थोडी राहिली, कारण तिथे हात घातला असता तर त्याचा डावा हात गेला असता. राहिलेली हळू वाढणारी आहे, लक्ष ठेवायचं, असं ठरलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलं, "बाळा, गाव कुठलं तुझं?" तो खूप वेळ ओठ जुळवत राहिला आणि म्हणाला, "पोफळी." डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. मी मात्र हसत सुटले आणि हसता हसता रडले. लहानपणापासून तो माझ्या केबिनमध्ये स्टुलावर बसायचा आणि सगळ्या गाड्यांमध्ये त्याला चिपळूणमार्गे पोफळीची गाडी आवडायची. कधी गेला नाही तिथे. नुसतं म्हणायला आवडायचं. माझं पोर परत आलं, हे मला त्या शब्दाने कळलं.

मग स्कॅनची पाळी सुरू झाली. पहिल्यांदा त्या यंत्रात त्याला सरकवलं तेव्हा तो आतून एवढा किंचाळला, की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. भूल देऊन करावा लागला. दर वेळी भूल देणं बरं नाही, असं डॉक्टरांचं मत. उपाय माझ्या नवऱ्याने काढला. तो मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात आहे. तिथे मासेमारीच्या बोटींत भरायला बर्फाच्या लाद्या फोडून चुरा करणारं यंत्र आहे, त्याचा आवाज दाढा हलवून सोडतो. रविवारी तो मुलाला तिथे न्यायचा, यंत्राशेजारी जाळ्यांच्या ढिगावर उताणा निजवायचा आणि सांगायचा, "डोळे मिट. ही बोट भरेपर्यंत हलायचं नाही." आधी एक टोपली, मग दोन, मग अख्खी बोट. खलाशी हसायचे, पण त्यांनाही सवय झाली. पुढे आमचा मुलगा स्कॅनच्या यंत्रात बिनभुलीचा पडून राहायला लागला. स्कॅनवाले त्याचं कौतुक करायचे. मला त्या कौतुकाचा आनंद व्हायचा आणि त्याच वेळी कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटायची.

आता धाकटीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

धाकटी तेव्हा दुसरीत होती. चुरुचुरु बोलणारी, भावाच्या वाटचंही बोलणारी. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्याच वेळी सांगितलं होतं, "मुलीची तपासणी करून घ्या. आई-बाप दोघांत दोष असला की प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता." घरी येऊन मी हे सांगितलं तर आत्याने ताटावरून हात काढला. "पोरगी टुनटुनीत हाय. तिच्या अंगात खोट शोदू नका. उद्या कोन करील तिला?" नवरा म्हणाला, "आईला आत्ता नको दुखवूया. थोडं जाऊ दे." थोडं गेलं, अजून थोडं गेलं. नवरा माझा बर्फात काम करून करून तसाच झालाय, कशावरही लवकर तापत नाही.

मी गप्प बसले असते. पण ही पोरगी गडग्यावरून धावायची. दोन घरांमधली तिची वाट ती फटीतून नव्हतीच, गडग्याच्या माथ्यावरून होती, हात पसरून, वेणी उडवत. एका सकाळी केस विंचरताना मी खिडकीतून बघितलं. ती गडग्यावर बसून सरकत येत होती. दगड धरून, एक एक. मी हाक मारली, "काय गं, धावत नाहीस आज?" ती म्हणाली, "दगड हलतात." मी जाऊन बघितलं. दगड हलत नव्हते.

तिची तपासणी करायचीच, हे मी तिथेच ठरवलं.

मुलीला उचलून मुंबईला न्यायचं तर घरात महाभारत. इथल्या लॅबमध्ये लघवी द्यावी तर नमुने घेणारा मुलगा आमच्याच भावकीतला, संध्याकाळी सगळ्या वाडीला कळलं असतं. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सकाळची पहिली लघवी गोठवून, बर्फात घालून पाठवली तरी चालेल, फक्त वितळता कामा नये. आता बर्फात घालून मुंबईला वस्तू पाठवणं हे रत्नागिरीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. थर्माकोलचा खोका घ्यायचा, चुरा भरायचा, टेप लावायची आणि ओळखीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. आमचा धाकटा दीर मुंबईला असतो. त्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी मासळीचा खोका जातोच. त्याला फोनवर सगळं सांगितलं आणि बजावलं, "खोका उघडू नका. तसाच्या तसा लॅबमध्ये न्या."

धाकटीकडून बाटली भरून घेतली, फ्रीजमध्ये कोळंबीच्या पिशव्यांखाली दडवून दगडासारखी गोठवली. नवऱ्याने बर्फाचा चुरा आणला. त्याला मी विश्वासात घेतलं होतं आणि तो 'बरं' एवढंच म्हणाला होता. बाटली कागदात, पिशवीत गुंडाळून खोक्यात मधोमध ठेवली, चारी बाजूंनी चुरा ठासला. टेप तेवढी संपली होती. नवऱ्याला म्हटलं, दुकानातून टेप आणा, लावा आणि संध्याकाळी स्टँडवर घेऊन या. आणि मी ड्युटीवर गेले.

संध्याकाळी तो खोका घेऊन आला. टेप चारी बाजूंनी अशी चापूनचोपून लावलेली, की मला त्याचं कौतुक वाटलं. त्याला वाटलं, मीच कुठून तरी टेप आणून लावून गेले. मुंबईच्या गाडीच्या ड्रायव्हरने खोका पायाशी घेतला. मी केबिनमध्ये जाऊन ती गाडी सांगितली. मुंबईला जाणारी गाडी फलाटावरून सुटत आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे घरात होतो. आत्याचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. दीर बोलत होता, "आई, सरंगे एकदम ताजे होते गं. आणि वहिनीला सांग, ती लघवीची बाटली लॅबवाल्यांनी परत केली. सगळं पाणी झालेलं आणि माशाचा वास मारत होता."

धाकटीच आधी बोलली, "माझी शू मुंबईला गेली होती?"

झालं होतं ते असं. दुपारी आत्याने पडवीत खोका बघितला. तिच्या धाकट्या लेकाकडे खोका चाललाय आणि त्यात मासळी नाही, नुसता बर्फ! हे तिला कसं सहन व्हावं? "लेकाला काय बरफ खाय पाठवताव?" असं ती स्वतःशीच म्हणाली असणार. ती बाजारात गेली, चार मोठे सरंगे आणले, त्यांना जागा करायला ओंजळी ओंजळीने बर्फ काढून माडाच्या मुळाशी टाकला आणि पिशवीतली बाटली लोणच्याचा खार समजून वर ठेवली. मग टेप आणून स्वतःच्या हाताने लावली. तिकडे जावेने खोका उघडला, कारण रत्नागिरीहून आलेला खोका न उघडता ठेवणं तिला जमणं शक्यच नव्हतं. त्यात तिचा काही दोष नाही. मासळी कुजू द्यायची की काय?

"माज्या सरंग्यांसंगती?" आत्या आधी एवढंच म्हणाली. मग उठली. "कुनाला इचारून पाठवलंस? पोरीचं उघडं करायला निगालीस?" मीही उठले. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पोरीपेक्षा तुला तुझी अब्रू मोठी, असं म्हणाले. एका नातवाचं डोकं कापलं, आता दुसरीचं कापेपर्यंत वाट बघणार का, असंही म्हणाले. मुलगा कोपऱ्यात कान झाकून बसला होता. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून "अगं, अगं" करत होता. मी चपला घातल्या आणि गडग्याच्या फटीतून माहेरी आले.

आणि पडवीत आत्या. मागच्या दाराने निघून माझ्याआधी पोचलेली. बाकड्यावर भिंतीला टेकून बसलेली. बाबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

परत फिरावं तर ते सासर, पुढे जावं तर समोर सासू. जगातल्या सगळ्या गाड्या मला पाठ आहेत, पण त्या संध्याकाळी मला जायला एकही गाव नव्हतं. मी पायरीवर बसले, तिच्याकडे पाठ करून.

तीच बोलली, पाठीमागून. "माजा पयला पोरगा गेला, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. आत्याचा थोरला मुलगा लहानपणी तापाने गेला, एवढं ऐकून होते. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"तापान् नाय गेला," ती म्हणाली. "त्याचं डोकं पन आसंच होतं. चालताना पडायचा. फिट यायची. सगळी म्हनाली, देवाचं कायतरी राह्यलंय. देवळात कौल लावला, नारल दिला, कोंबडा दिला. शेवटी शेवटी डोकं दुकतं म्हनून भितीवर आपटायचा. मी मांडीवर धरून बसायची. तुजा बाबू चालाय लागला ना, तवाच मी बगितलं. तो पन तसाच पाय टाकायचा."

मी वळले. "तुला ठाऊक होतं?"

"होय."

"सगळ्या डॉक्टरांसमोर 'नाय नाय' म्हणालीस. ठाऊक असताना?"

"मीच तुज्या बापाकडं तुला मागितली होती," आत्या म्हणाली. "ह्याच बाकड्यावर बसून. हा नको म्हनत होता, शिकू दे म्हनत होता. होय म्हटलं असतं तर काय झालं असतं गो? माजं पोर देवान् नाय न्हेलं, मीच मारलं आसं झालं असतं. आनि तुजं पन मीच." तिने पदर तोंडावर घेतला. "आनि आता पोरीचं तसंच निगालं तर मी कुटं जाव?"

मला तिचा राग आला. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. इतकी वर्षं ती माझ्या मुलाची पावलं बघत होती, मोजत होती आणि गप्प होती. तिला गदागदा हलवावं असं वाटलं. आणि तिचा शेवटचा प्रश्न तर माझाच होता. मीही पायरीवर बसून तेच विचारत होते, कुठे जाऊ? तिला माहेर नव्हतं, मलाही नव्हतं. आम्ही दोघी एकाच खोक्यात होतो आणि टेप कुणी लावली ते आता शोधून उपयोग नव्हता.

बाबा उठून आत गेले आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. त्यांना दुसरं काही सुचत नाही.

चहा झाल्यावर आत्या म्हणाली, "बाटली-बिटली नको पाठवूस. पोरीलाच न्हे. मी पन येतंय."

धाकटीला घेऊन मी, नवरा आणि आत्या गेलो. डॉक्टरबाईंनी धाकटीला चालायला लावलं, एका रेषेवरून, मग टाचेला चवडा लावून. धाकटीने गोड हसून तीनदा रेषा सोडली. मग बाईंनी नव्याने सगळं विचारायला घेतलं आणि मी उत्तर द्यायच्या आत, जुन्या सवयीने, आत्या बोलली. पण या वेळी ती म्हणाली, "होय. नात्यातच. माजं पन तसंच झालंय. माज्या आयशीचं पन. आनि माजा एक पोरगा गेला, त्याचं पन लिवा."

"नाव काय त्याचं?" बाईंनी विचारलं.

आत्याने नाव सांगितलं. माझ्या नवऱ्याने चमकून वर बघितलं. स्वतःच्या सख्ख्या भावाचं नाव तो आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होता.

निकाल काही आठवड्यांनी आला. मी केबिनमध्ये होते, हातात माइक, समोर गाडी लागलेली. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलीलाही आहे." मी 'बरं' म्हटलं, जसं नवरा म्हणतो तसं. मग माइक चालू केला आणि चिपळूणमार्गे पोफळीला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, असं सगळ्या स्टँडला सांगितलं. लोक पळत जाऊन चढले. गाडी गेली. माझी ड्युटी संपायला अजून वेळ होता.

धाकटीला पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या, कुठल्याशा जीवनसत्त्वाच्या. काही मुलांना उपयोग होतो, काहींना नाही. बघू या, असं बाई म्हणाल्या. लघवी हळदीसारखी पिवळी होते त्याने. ती भावाला दाखवते आणि दोघं हसतात. मुंबईच्या खोक्यात आता आत्या सरंगेच भरते, पण भरताना मला हाक मारून विचारते, "ह्येच्यात तुजं काय नाय ना गो?" ती हे गमतीने म्हणत नाही.

मग धाकटीचा पहिला स्कॅन. तो स्वच्छ निघाला, हे आधीच सांगून टाकते. वेळेआधी सांगायची मला सवय आहे आणि उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. डोक्यात गाठ नव्हती. या वर्षी नव्हती. पुढच्या वर्षी परत बघायचं, त्याच्या पुढच्या वर्षी परत, ती माझ्याएवढी होईपर्यंत आणि त्यानंतरही.

त्या दिवशी मुलाचाही होता, दोघांचा एकापाठोपाठ. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही ओळीने बसलो होतो. धाकटीचे क्लिप, कानातले, पैंजण काढून मी रुमालात बांधले होते. तिने दारातून ते यंत्र बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. नवऱ्याने तिला बर्फाच्या यंत्राशेजारी निजवून बघितलं होतं, पण तिला त्याचं हसूच यायचं. आता हसू येत नव्हतं. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी काही बोलणार तेवढ्यात मुलाने तिचा हात धरला. ऑपरेशननंतर त्याचं बोलणं संथ झालंय, शब्द शोधून शोधून आणतो. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही.

"डोळे मिट," तो म्हणाला. "आवाज येतो. पप्पांच्या मशीनसारखा. येऊ दे." मग बराच वेळ थांबला. "नाक खाजतं. खाजवायचं नाही."

"आई आत येते?" धाकटीने विचारलं.

"नाही. बाहेर असते." तो विचार करत राहिला, आणखी काय सांगायचं राहिलं ते आठवत. "हलू नकोस. हललीस तर परत पहिल्यापासून करतात."

आतून तिला बोलावलं. तिने मान डोलवायला घेतली आणि मध्येच थांबवली. मान तशीच ताठ धरून ती माझ्यासमोरून चालत आत गेली.